जामीनदार आणि समुद्रपक्षी

एरवी या सदराला पानभर जागा मिळते आणि तेवढ्यात मी कसाबसा मावतो. दिवाळी अंकात मात्र संपादक हात जरा सैल सोडतात, तेव्हा यंदा एक लांबची गोष्ट सांगण्याची सवलत घेतो. गोष्ट गाण्याची आहे. पण वाचकहो, गाण्यातले तुम्हांला काही कळत नसले तरी बिघडणार नाही. मलाही फारसे कळत नाही.

विषय निघाला तो आमच्या स्टाफरूममध्ये. २०२५ च्या जानेवारीत ‘कोल्डप्ले’ हा इंग्रज बँड आपल्याकडे आला होता. १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईत आणि २५, २६ ला अहमदाबादेत त्यांचे कार्यक्रम झाले. माणसे इतकी लोटली, की पश्चिम रेल्वेला मुंबईहून अहमदाबादेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. शेवटच्या दिवशीचा कार्यक्रम इंटरनेटवरून घरोघर दिसला. आमच्यातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तो नातवाच्या आग्रहाखातर पाहिला होता. ते म्हणाले, “अहो, गायकाच्या कपाळावरचा घाम दिसत होता मला, घरी, आरामखुर्चीत! मग लाखभर माणसं तिकडं कशाला गेली? त्यांना तो मुंगीएवढा दिसला असणार!”

प्रश्न रास्त होता. पण हेच गृहस्थ दर डिसेंबरात रजा टाकून पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जातात. बरोबर सतरंजी, उशी, थर्मास आणि सौभाग्यवती असा सगळा सरंजाम असतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या या महोत्सवाची आपण किती वर्षे चुकवली नाहीत, याचा हिशेब ते विचारल्याशिवाय सांगतात. मी त्यांना त्याची आठवण दिली. “तिथले गायकसुद्धा घरी ऐकायला मिळतातच की,” असे मी म्हणताच ते ताडकन म्हणाले, “ते वेगळं!”

‘ते वेगळं’ हा मराठी माणसाचा वादातला शेवटचा बुरूज. त्याच्यावर चढाई करण्यात अर्थ नसतो. मी गप्प बसलो. पण मला २००८ सालची ३१ जानेवारीची रात्र आठवली, आणि मिरज जंक्शनच्या फलाटावर एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले माझे दोन मित्र आठवले.

आमचे मिरज हे गाण्याचे गाव. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणे होते. सतारमेकर गल्लीतून सकाळी गेलात, तर दोन्ही बाजूंनी तारा छेडल्याचे आवाज येतात आणि ओट्यावर उन्हात वाळत घातलेले भोपळे दिसतात. अशा गावात आम्हां चौघा पोरांना विलायती रॉक संगीताचे वेड लागावे, हे वडील मंडळींना कुळाला बट्टा लागल्यासारखे वाटे. वेड लावले ते एका भाडेकरूने. शिलाँगकडचा एक मुलगा मिरजेला डॉक्टरी शिकायला आला होता आणि आमच्या माडीवर राहत होता. शिक्षण संपवून १९९७ मध्ये तो गेला, तेव्हा एक बादली, एक हाडांचा तक्ता आणि ‘आयर्न मेडन’ या बँडची ‘पॉवरस्लेव्ह’ नावाची एक कॅसेट मागे ठेवून गेला. बादली आईने घेतली. तक्ता शाळेला दिला. कॅसेट आमच्या वाट्याला आली.

या बँडविषयी दोन शब्द सांगायला हवेत. लंडनच्या पूर्व भागातल्या स्टीव्ह हॅरिस नावाच्या तरुणाने १९७५ मध्ये तो काढला. हॅरिस बेस गिटार वाजवतो, म्हणजे मंद्र सप्तकाचा कारभार त्याच्याकडे. गायक ब्रूस डिकिन्सन. त्याचा आवाज टिपेला गेला की आमच्या माडीवरची पत्र्याची पेटी थरथरायची. त्यांच्या प्रत्येक तबकडीवर ‘एडी’ नावाचा एक हाडकुळा, भेसूर पिशाच्च असतो. त्याचे चित्र असलेला सदरा मी कोल्हापुराहून आणला होता. आईने तो दोनदा बोहारणीपुढे ठेवला. बोहारणीनेही घेतला नाही.

चित्र भुताचे असले, तरी गाणी मात्र भलतीच शिकलेली! एक गाणे १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात तोफांच्या तोंडी दिलेल्या घोडदळावर, एक फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्यावर, एक चक्क सिकंदरावर. आणि त्या कॅसेटमधले शेवटचे, तेरा मिनिटांहून अधिक लांबीचे गाणे होते कोलरिजच्या कवितेवर. म्हाताऱ्या खलाशाची ती कविता १७९८ मध्ये छापली गेली. मराठीचे एम. ए. करणाऱ्याला कोलरिज सुटत नाही. कल्पनाशक्ती आणि चमत्कृतिशक्ती यांतला त्याने केलेला भेद परीक्षेत पंधरा गुणांना येतो. आम्ही तो पाठ केला, लिहिला आणि विसरलो. पण कोलरिज नावाचा माणूस खरोखर होऊन गेला आणि त्याने समुद्रावर एक भयंकर कविता लिहिली, हे मला वर्गात नव्हे तर त्या कॅसेटने सांगितले.

आमची कॅसेट त्या गाण्याच्या मध्यावर यंत्राने खाल्ली होती. पेन्सिलीने गुंडाळून, चिकटपट्टी लावून आम्ही ती चालू केली, तरी दीडएक मिनिट कायमचे गेले. पुढे तबकडी मिळाली तेव्हा कळले, की त्या जागी गाणे जवळजवळ थांबते. जहाजाच्या लाकडांची करकर तेवढी ऐकू येते आणि कवितेच्या ओळी बोलल्या जातात. आम्हांला वर्षानुवर्षे तिथे नुसती उडी माहीत होती.

आता चौघे. नावे कशाला? आमच्यात चालत होती तीच टोपणनावे सांगतो. ‘तारवाला’ हा तंतुवाद्ये बनवणाऱ्या घराण्यातला. तंबोऱ्याची जवारी काढण्यात त्याचा हात वडिलांच्या हाताला लागलेला. ‘खजिनदार’ एका कारखान्यात हिशेबनीस. उंचीने बेताचा, हिशेबाला पक्का. ‘वकील’ हा वकील नव्हे. औषध कंपनीचा प्रतिनिधी, पण बोलण्यात कोणाला हार न जाणारा. चौथा मी, त्या वेळी तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारा.

२००७ च्या १७ मार्चला आयर्न मेडन बंगळुरूला येऊन गेले. आमचे जाणे झाले नाही. खजिनदाराचा मार्चअखेर आडवा आला. पुढच्याच वर्षी बातमी आली, की त्यांचा नवा जगदौरा मुंबईहूनच सुरू होणार, १ फेब्रुवारीला, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर. सगळी मंडळी, सामानसुमान एका बोइंग ७५७ विमानात घालून येणार आणि वैमानिक खुद्द गायक डिकिन्सन! त्याच्याकडे प्रवासी विमानाचा रीतसर परवाना होता. आमच्याकडच्या संगीत नाटक मंडळ्या बैलगाड्यांतून फिरल्या. पण प्रमुख नटाने गाडी हाकल्याचे काही ऐकिवात नाही.

अडचण अशी होती, की तारवाला आणि खजिनदार २००६ पासून एकमेकांशी बोलत नव्हते. कारण पैशाचे. तारवाल्याने एका पतपेढीतून कर्ज काढले होते, लाकूड आणि भोपळे भरण्यासाठी. जामीन खजिनदार. कृष्णाघाटाकडच्या एका खोलीत साठवलेला माल २००५ च्या पुरात भिजला. भिजलेल्या भोपळ्याचा तंबोरा होत नाही. हप्ते थांबले, आणि पतपेढीने नियमाप्रमाणे जामीनदाराच्या पगारातून कापून घ्यायला सुरुवात केली. नेमके त्याच वर्षी खजिनदाराचे लग्न ठरले होते. बायकोला दाखवलेला पगार आणि हातात येणारा पगार यांत फरक पडू लागला, तेव्हा त्याने तारवाल्याला भर पेठेत काय वाटेल ते सुनावले. तारवाला काहीच बोलला नाही. हे न बोलणे पुढे दोन वर्षे चालले.

वकिलाने शक्कल लढवली. चौघांची तिकिटे स्वतः काढली आणि दोघांनाही वेगवेगळे सांगितले, की ‘तो येणार नाही.’ (तिकिटाचा हिशेब मी तासिकांत केला होता, किती तासिका गेल्या ते घरी अजून सांगितलेले नाही.) रात्री महालक्ष्मी एक्सप्रेससाठी आम्ही फलाटावर जमलो आणि दोघांची दृष्टादृष्ट झाली. खजिनदाराने पिशवी खांद्याला लावली आणि वकिलाला विचारले, “कार्यक्रमाच्या तिकिटाचा परतावा मिळतो?”

“नाही.”

खजिनदार क्षणभर उभा राहिला आणि गाडीत चढला. त्याच्यातल्या हिशेबनीसाने त्याच्यातल्या रागावलेल्या माणसावर मात केली.

डब्यात दोघे समोरासमोर आले. आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगांची चटणी सोडली. “त्याला विचार, चटणी हवी का,” असे तारवाला मला सांगे. “त्याला सांग, मला पुष्कळ आहे,” असे खजिनदार मला सांगे. दोघांच्या गुडघ्यांत वीतभर अंतर होते. शेवटी मी कंटाळून म्हणालो, “मी गोष्ट सांगतो, दोघंही ऐका.” आणि मी त्यांना त्या म्हाताऱ्या खलाशाची गोष्ट सांगितली. गाणे शेकडो वेळा ऐकले असले, तरी त्या इंग्रजी उच्चारांतून कथा नीटशी कोणाला कळली नव्हती.

खलाशी एका लग्नाच्या पाहुण्याला वाटेत अडवतो आणि आपली हकिकत ऐकवतो. जहाज दक्षिणेच्या बर्फात अडकलेले असताना एक मोठा समुद्रपक्षी येतो, वारा सुटतो, जहाज मोकळे होते. आणि हा मनुष्य काही कारण नसताना त्या पक्ष्याला बाणाने मारतो. पुढे वारा पडतो. चारी बाजूंना पाणी, पण प्यायला थेंब नाही. सोबती चिडून तो मेलेला पक्षी ह्याच्या गळ्यात अडकवतात. एकेक करून सोबती मरतात. हा एकटा उरतो, गळ्यात पक्षी घेऊन.

“मग सोडवला कोणी?” खजिनदाराने विचारले.

“कोणी नाही. चांदण्यात पाण्यातले साप खेळताना त्याला दिसले, ते त्याला सुंदर वाटले आणि न ठरवता त्याने त्यांचं भलं चिंतलं. तेव्हा पक्षी आपोआप गळून समुद्रात पडला.”

“एवढ्यानं?”

“एवढ्यानं.”

“हिशेब जुळत नाही,” खजिनदार म्हणाला आणि वरच्या बाकावर जाऊन झोपला. तारवाला खिडकीशी बराच वेळ जागा होता.

सकाळी दादरला मावशीकडे अंघोळी उरकल्या. मावशीने विचारले, “कुणाचं गाणं आहे रे? शिवाजी मंदिरला आहे का?” म्हटले, “नाही मावशी, वांद्र्याला, मैदानात.” “मैदानात? मग स्वेटर घेऊन जा.” मुंबईच्या उन्हात काळे सदरे घालून निघालेल्या चौघांना ती स्वेटर देत होती.

दुपारपासून रांग. रांगेत बंगळुरूची पोरे, कोलकात्याची पोरे, ईशान्येकडून दोन-दोन रात्री प्रवास करून आलेली पोरे. कोणाची भाषा कोणाला येत नव्हती. गाण्याचे नाव घेतले की दुसरा हसे. दारावर पहारेकऱ्यांनी पाण्याच्या बाटल्या आणि डबे काढून घ्यायला सुरुवात केली. खजिनदाराने उरलेल्या पाच दशम्या तिथेच उभ्याने संपवल्या. टाकणे त्याच्या रक्तात नाही.

सुरुवात झाली ती चर्चिलच्या १९४० सालच्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणाने. ते संपता संपता पहिले गाणे आदळले. ‘आदळले’ हा शब्द मी विचार करून वापरतो. घरी गाणे कानाला लागते, तिथे ते आधी बरगड्यांना लागते. बेसचा प्रत्येक ठोका पोटात कळतो. हॅरिस नखी न वापरता बोटांनी छेडतो, ते तारवाल्याने लगेच हेरले. पुढे दोन गिटारी एकच चाल एकमेकींपासून ठरावीक अंतर राखून वाजवू लागल्या. एक सा वर असली, तर दुसरी ग वर. तेव्हा तो माझ्या कानात ओरडला, “दोन्ही कशा सुरात मिळवल्यात बघ! एक तार उतरलेली नाही!” शेजारी लोक हात उंचावून नाचत होते, हा जवारी तपासल्यासारखा मान तिरकी करून उभा होता. ड्रम वाजवणारा निको मॅकब्रेन मात्र कोणाला दिसेना. त्याच्या वाद्यांचा पसाराच इतका, की तो किल्ल्याच्या तटाआड बसल्यासारखा असतो. ढोल ऐकू येत होते, ढोलवाला नाही.

आणि मग कोलरिजचे गाणे आले. ते मध्यावर थांबते, त्या जागी सगळे थांबले. हजारो माणसे, आणि नुसती जहाजाची करकर. आमच्या कॅसेटमधली हरवलेली दीड मिनिटे! कोणी शिट्टी मारली नाही, कोणी बोलले नाही. कीर्तनात बुवा आख्यानाच्या ऐन नाजूक जागी आवाज उतरवतात आणि देवळात टाचणी पडली तरी ऐकू येईल असे होते, तसे. कोलरिजने १८१७ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे, की असल्या अद्भुत काव्यासाठी वाचकाने आपला अविश्वास थोडा वेळ आपण होऊन बाजूला ठेवावा. तो वर्गात समजावताना मी आता त्या मैदानाचे उदाहरण देतो. मुले वहीत ‘उदा. मैदान’ असे लिहून घेतात.

काही गाण्यांनंतर ‘फिअर ऑफ द डार्क’ लागले. यात गंमत अशी, की लोक शब्द तर म्हणतातच, पण गिटारीची सुरावटसुद्धा म्हणतात. शब्दांवाचून, नुसत्या ओ-ओ-ओ मध्ये. सगळे मैदान एक चाल गात होते आणि आपण गातो आहोत की भोवतालचे, हे कळत नव्हते. माझा आवाज शाळेत प्रार्थनेलासुद्धा कोणी मागितला नव्हता. त्या रात्री तो चालून गेला. आमचे ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात तसा गायकाच्या कपाळावरचा घाम काही दिसला नाही. शेजाऱ्याचा मात्र पुष्कळ दिसला, आणि लागलाही.

तेवढ्यात पुढून लोंढा मागे आला आणि खजिनदार दिसेनासा झाला. बुटका माणूस, चारी बाजूंनी पाठीच पाठी. त्याचा एक हात तेवढा वर दिसत होता. मी आणि वकील पोहोचेपर्यंत तारवाला गर्दीत घुसला होता. तो वाकला, आणि पाहतो तो काय, खजिनदार त्याच्या मानेवर स्वार होऊन सगळ्यांच्या वर आला! जामीनदाराला कर्जदाराने खांद्यावर घेतल्याचा सहकार क्षेत्रातला हा पहिलाच प्रसंग असावा. खजिनदार आधी भांबावला, तारवाल्याचे केस घट्ट धरून बसला. मग त्याने एक हात सोडला, मग दुसरा, आणि दोन्ही हात पसरून तो ओ-ओ-ओ गाऊ लागला. तारवाला खाली मान घालून, पाय रोवून उभा होता. मागून कोणीतरी हिंदीत शिव्या घातल्या. गाणे संपेपर्यंत त्याने त्याला उतरवले नाही.

दुसऱ्या दिवशी कोयना एक्सप्रेसने परतलो. कानांत अजून शिट्टी वाजत होती, त्यामुळे चौघेही ओरडून बोलत होतो आणि डबाभर लोक आमच्याकडे पाहत होते. कराड मागे पडल्यावर खजिनदाराने कागद काढला. प्रवासखर्च, रिक्षा, चहा, सगळे मांडले आणि चाराने भागले. मग त्याखाली एक रेघ ओढली आणि रेघेखाली आकडा लिहिला : २१,६००. कागद तारवाल्यापुढे सरकवला.

तारवाल्याने पाहिले. “महिन्याला किती?”

“पाचशे.”

“चारशे.”

साडेचारशेवर ठरले. दोन वर्षांनंतरचे त्यांचे पहिले संभाषण एवढेच. तारवाल्याने ते पैसे २०१३ पर्यंत फेडले. मध्ये काही महिने चुकले; तेव्हा अबोला पुन्हा व्हायचा, पण आठवड्यापेक्षा जास्त टिकायचा नाही.

२००९ मध्ये त्या दौऱ्यावर ‘फ्लाइट ६६६’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात मुंबईचा कार्यक्रम आहे. पहिले गाणे तर मुंबईचेच घेतले आहे. आम्ही चौघांनी वकिलाच्या घरी तो पाहिला, चित्र थांबवून थांबवून पाहिला. गायक जवळून दिसला, गिटारीवरची बोटे दिसली. प्रेक्षकांत काळ्या सदऱ्यांचा एक समुद्र होता आणि आम्ही त्यात कुठेच नव्हतो. वकिलाच्या बायकोने विचारले, “यात तुम्ही कुठं आहात?” वकिलाने पडद्यावर एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि शपथेवर सांगितले, की तो आपणच.

मंडळी आता वयाला आली. डिकिन्सनला जिभेच्या मुळाशी कर्करोग झाला होता. उपचार घेऊन तो पुन्हा गाऊ लागला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तारवाल्याने पेढे वाटले. त्याच वर्षी डिसेंबरात एके सकाळी खजिनदाराचा फोन आला. आवाज गंभीर होता. “निको गेला.”

“कुठं? कसा?” मी दचकून विचारले.

“गेला म्हणजे दौऱ्यांतून निवृत्त झाला. ब्राझीलला शेवटचा कार्यक्रम केला, ७ तारखेला. बेचाळीस वर्षं झाली त्याला.”

संध्याकाळी आम्ही सतारमेकर गल्लीत तारवाल्याच्या ओट्यावर बसलो. तो एका तंबोऱ्याला पॉलिश करत होता. खजिनदार म्हणाला, “मी त्याला बघितलंय. त्या रात्री, वरून. ढोलांच्या मागं बसला होता आणि हसत होता. तुमच्यापैकी कुणाला दिसला होता?”

मी नाही म्हणालो. वकीलही, आश्चर्य म्हणजे, नाही म्हणाला.

“आणि तुला रे?”

तारवाल्याने हातातले फडके थांबवले नाही. “मला कुठला दिसतोय,” तो म्हणाला, “माझी मान खाली होती.”